मॉरिस मायनरचा एसयू कार्बोरेटर: आधी ओळख, मग पाना

चावी फिरवली की मायनरच्या बॉनेटखालून टिक टिक टिक असा आवाज येतो. तो विजेवर चालणारा पेट्रोल पंप. पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी भरली की त्यानं गप्प व्हायचं असतं. आमचा होईना. इंजिन बंद, चावी चालू आणि पंपाचा अखंड जप सुरू. वाकून पाहिलं तर कार्बोरेटरच्या कडेनं थेंब गळत होते आणि खाली शहाबादी फरशीवर ओला डाग पडला होता.

गाडी १९५९ ची मॉरिस मायनर १०००, इंजिन ९४८ सीसी. मिरजेत मिशनच्या कामासाठी आलेल्या एका डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना ती दादांना विकून गेल्या. दादा म्हणजे माझे वडील, त्यांचं गॅरेज होतं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवून निवृत्त झाले. फियाटचा सोलेक्स कार्बोरेटर मी अंधारातसुद्धा उघडला असता, पण हा पडला एसयू. आमच्या भागात तो आता फारसा दिसत नाही. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरवर असायचा, पण कितीतरी गाड्यांवरून तो उतरवून लोकांनी सोलेक्स चढवला, नाहीतर गाडीलाच डिझेल इंजिन बसवलं. मग एखादा एसयू समोर आला की मिस्त्री एकच गोष्ट करतो: मिश्रणातलं पेट्रोल कमी-जास्त करणारा खालचा नट फिरवतो. गाडी धूर टाकते? नट वर. पिकअप नाही? नट खाली. दुसऱ्याला नावं कशाला ठेवू, सहा वर्षं मीही हेच केलं.

एसयूचं दुखणं बहुतेक वेळा झिजेचं असतं, सेटिंगचं नसतं. आणि काय झिजलंय हे कळायला आपल्या हातात नेमका कुठला एसयू आहे, ते आधी ठरवावं लागतं. म्हणून या लेखात निम्मा वेळ ओळखीवरच जाईल. कंटाळलात तर मधला भाग सोडून पुढं जा, पण मग चुकीच्या मापाचे सुटे भाग मागवलेत तर माझ्याकडं येऊ नका.

यात चालतं काय

सोलेक्समध्ये हवेचा गळा कायम एकाच मापाचा, आणि पेट्रोलला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं, वेगवेगळे: स्लोचा (गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं तेव्हाचा) वेगळा, मेन वेगळा, पिकअपला वर छोटा पंप. एसयूत जेट एकच आणि बदलतो तो गळा. वर जो पितळी नाहीतर काळ्या टोपणाचा उभा कळस दिसतो (दादा त्याला कळसच म्हणत), त्याच्या आत एक पिस्टन असतो. इंजिननं ओढ घेतली की कळसातली हवा ओढली जाते, पिस्टन वर उचलला जातो आणि हवेची वाट मोठी होते. पिस्टनच्या पोटाला निमुळती सुई असते, ती खालच्या जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटपाशी येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. हवेच्या मानानं पेट्रोल, आपोआप.

पिकअपला पंप नाही, त्याऐवजी पिस्टनच्या पोकळ दांडीत तेल असतं आणि त्यात एक छोटा डॅम्पर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तेलामुळं पिस्टन क्षणभर रेंगाळतो, ओढ वाढते आणि मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं होतं. चोकलासुद्धा पडदा नाही. चोक ओढला की अख्खा जेटच खाली सरकतो. अलीकडच्या बऱ्याच मोटारसायकलींवर जो सीव्ही कार्बोरेटर होता, त्याचं तत्त्व हेच, फक्त तिथं पिस्टनला रबरी पडदा असतो.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली. घराणं जोडे-चपलांच्या धंद्यातलं, म्हणून पहिल्या कार्बोरेटरांत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता! पुढं १९२६ मध्ये कंपनी मॉरिसकडं गेली आणि मॉरिसच्या गाड्यांवर एसयू येऊ लागला.

ओळख परेड

गाडीवर असतानाच बाहेरून सुरू करा. कळस दिसला म्हणजे एसयूच असं नाही. स्ट्रॉम्बर्ग नावाचा भाऊबंद दिसायला तसाच असतो. त्याचा कळस उघडला की रबरी पडदा दिसतो. एसयूत पडदा नसतो, घासून बसवलेला धातूचा पिस्टन असतो.

एसयू ठरला की त्याचं घराणं बघायचं, आणि ते पेट्रोलच्या वाटीवरून कळतं. वाटी शेजारी आहे आणि तिच्या बुडातून एक वाकडी नायलॉनची नळी जेटकडं जाते, तर तो एचएस. नळी नाही, वाटी बोल्टनं थेट अंगाला जोडलेली आणि पेट्रोल आतल्या आत भोकातून जातं, तर तो जुना एच. बाजूला वाटीच दिसत नाही, सगळं पोटाखाली गोळा झालेलं, तर एचआयएफ. हा फरक नुसता पुस्तकी नाही. एचमध्ये जेटभोवती बुचाच्या लाकडाच्या कड्या असतात, त्या वाळल्या की जेटच्या बुडातून गळती सुरू. एचएसमध्ये तिथं बूच नाही, नळीच्या टोकाला रबर असतं. म्हणजे एकाचं रिपेअर किट दुसऱ्याला चालत नाही. माझ्याकडं नळी होती. एचएस.

मग आकडा. एचएसच्या पुढचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश. एचएस२ म्हणजे सव्वा इंच, एचएस४ म्हणजे दीड, एचएस६ म्हणजे पावणेदोन. व्हर्नियर घ्या आणि इंजिनच्या बाजूचं तोंड मोजा, जिथं पायानं उघडणारी थ्रॉटलची चकती असते तिथं. माझं माप आलं ३१.८ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. एअर क्लीनरच्या बाजूनं मोजू नका, तिथं तोंड मुद्दाम पसरट असतं आणि उगाच भलताच आकडा येतो.

कंपनीची खरी ओळखचिठ्ठी म्हणजे वाटीच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली अडकवलेली त्रिकोणी पत्र्याची पट्टी. तिच्यावर एयूसी किंवा एयूडी आणि पुढं आकडा असतो. त्या आकड्यावरून गाडी, इंजिन, सुई, स्प्रिंग सगळं यादीत सापडतं. पण ती पट्टी कधी कोणी जपून ठेवली आहे? स्क्रू काढला की पट्टी पडते, झाडूबरोबर जाते. माझ्याकडंही नव्हती. इथं एक फसगत सांगते. कार्बोरेटरच्या अंगावरही उठावाचे एयूसी आकडे असतात. ते ओतकामाचे नंबर. तेच अंग वेगवेगळ्या गाड्यांना वापरलेलं असतं, त्यामुळं त्यावरून गाडी कळत नाही. मी त्या आकड्यावर दोन संध्याकाळी घालवल्या.

पट्टी नसेल तर आतल्या तीन वस्तू साक्ष देतात: स्प्रिंग, जेट आणि सुई.

कळस काढायच्या आधी त्याच्यावर आणि अंगावर मिळून पेन्सिलीनं एक रेघ मारा. वरचं टोपण फिरवून डॅम्पर बाहेर घ्या. एचएस२ ला कळसाचे दोन स्क्रू असतात. कळस सरळ वर उचला, आडवातिडवा नको, कारण आत सुई लोंबते आणि तिला बाक आला की ती गेली. पिस्टन सुईसकट एखाद्या रिकाम्या काचेच्या बाटलीच्या तोंडावर ठेवा. सुई बाटलीत, पिस्टन वर. दादांची पद्धत, याहून चांगली अजून मला सापडलेली नाही.

स्प्रिंगच्या टोकाला रंग असतो. फिकट निळा अडीच औंस, लाल साडेचार, पिवळा आठ, हिरवा बारा. माझा लाल. मायनरला तोच हवा.

जेटचं भोक ड्रिलच्या बिटनं तपासा, पण बिटचा मागचा गुळगुळीत भाग घाला, धार नव्हे. एचएस२ चा जेट नव्वद हजारांश इंच, म्हणजे २.२९ मिलिमीटर. २.२५ चा बिट आत जायला हवा, २.३० चा नको. माझ्या जेटमध्ये २.३० हलत हलत गेला. भिंगातून पाहिलं तर भोक गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूला अंड्यासारखं झालेलं. सुई कित्येक वर्षं एकाच कडेला घासत होती.

आणि सुई. पिस्टनच्या कुशीतला बारीक स्क्रू सैल करा आणि सुई हातानं सरळ ओढा. नाही आली तर स्क्रू आणखी सैल करा, पेट्रोलचे दोन थेंब सोडा, थांबा. पकड लावायची नाही. तिच्या जाड टोकावर एक-दोन अक्षरं ठोकलेली असतात, चाळिशी आणि भिंग दोन्ही लागतं. माझ्या सुईवर ईबी होतं.

इथं मी खुर्चीत बसले. ९४८ सीसीच्या मायनरला एचएस२ वर एम सुई. ईबी ही ८४८ सीसीच्या जुन्या मिनीची सुई, एमपेक्षा पातळ मिश्रण देणारी. दादांच्या जुन्या वहीत शोधलं तर १९७४ सालच्या पानावर एक ओळ सापडली: ‘सुई बदलली, मायलेज.’ १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल भडकलं होतं, आणि दादा पेट्रोलच्या बाबतीत आधीच हिशेबी. त्या काळच्या पेट्रोलवर ते चालूनही गेलं असेल. पण आता आमच्या टाकीत येतं ते इथेनॉल मिसळलेलं. २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सगळीकडं आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच फटीतून आलेलं मिश्रण आणखी पातळ पडतं. त्यात सुई आधीच पातळ. गाडी खोकणार नाही तर काय! आमच्याच उसाचं इथेनॉल, आमच्याच गाडीच्या मुळावर.

अक्षरं पुसली असतील तर मायक्रोमीटर. सुईच्या खांद्यापासून दर अष्टमांश इंचाला व्यास मोजायचा आणि छापील तक्त्याशी ताडायचा. वेळखाऊ काम आहे, पण तीन-चार मापांतच बहुतेक सुया बाद होतात.

दांडीचा खुळखुळा

आता दुरुस्ती. काम अंगणात करा, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब, बॅटरीची तार काढून. बिडीवाला मदतनीस नको.

सगळ्यात आधी थ्रॉटलची दांडी अंगठा आणि बोटात धरून वर-खाली हलवा. फिरवायची नाही, हलवायची. खटखट लागली तर जेट, सुई, मिक्श्चर यांतलं काहीही नीट करून उपयोग नाही. दांडीच्या दोन्ही टोकांनी इंजिन चोरून हवा ओढतं. ती हवा पिस्टनखालून जात नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोल येत नाही. स्लोला इंजिन डळमळतं, आपण नट खाली करतो, मग रस्त्यावर गाडी काळा धूर टाकते, आपण नट वर करतो. माझी सहा वर्षं यातच गेली. गाडीवर असताना खात्री करायची तर स्लो चालू ठेवून दांडीच्या टोकावर कार्बोरेटर क्लीनरचा किंचित फवारा मारा. इंजिनचा सूर बदलला की हवा तिथूनच जाते. गरम सायलेन्सरवर फवारा उडू देऊ नका.

दांडी काढायला आधी चकतीचे दोन स्क्रू. त्यांची टोकं चिरून पसरवलेली असतात, निघून इंजिनात पडू नयेत म्हणून. ती आधी पकडीनं जुळवून घ्या आणि मगच स्क्रू फिरवा, नाहीतर दांडीतले आटे घेऊनच बाहेर येईल. चकतीची कड तिरपी घासलेली असते, ती एकाच बाजूनं बसते. काढण्यापूर्वी तिच्यावर खूण करा. माझ्या पोरांना मी हे शंभरदा सांगितलं असेल, आणि घरी मीच विसरले.

दांडी मधोमध पाव इंचाची होती, टोकांना बोटाला खाच लागत होती. नुसती नवी दांडी घातली तर थोडा फरक पडतो, पण अंगातली भोकंही अंडाकृती झालेली असतात. अंग घेऊन मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. तिथं पाच लेथवाल्यांना विचारलं तर चार म्हणतात ‘ड्रिल मारून बुश ठोकतो, अर्ध्या तासात घेऊन जावा.’ ते नको. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आली नाहीत तर दांडी अडकते, आणि मध्याला आली नाहीत तर चकती एका बाजूला टेकते आणि दुसरीकडं फट राहते. पाचव्यानं अंग बांधलं, डायल गेजनं मध्य काढला, एकाच बांधणीत दोन्ही भोकं वाढवली, गनमेटलचे बुश दाबले आणि दोन्हींतून एकच लांब रीमर फिरवला. अख्खी दुपार गेली. दांडी घातली तेव्हा ती स्वतःच्या वजनानं हळूच आत उतरली आणि हलवली तर हलेना. अशा माणसाला चहा पाजून, पैसे देऊन वर नमस्कार करावा.

नवे स्क्रू घालताना आधी सैल ठेवा. थ्रॉटल तीन-चारदा सोडून टपकन बंद होऊ द्या, चकती आपली जागा घेते. उजेडासमोर धरा, चहूकडं सारखी बारीक रेघ दिसली की आवळा आणि टोकं पुन्हा पसरवा.

धुणं, आणि माझी एक चूक

अंग, वाटी, झाकण हे सगळं रॉकेल किंवा कार्बोरेटर क्लीनरनं, जुन्या टूथब्रशनं. कॉस्टिक सोड्यात बुडवू नका, हलका धातू खाल्ला जातो. भोकांत हवा मारा, तार घालू नका.

कळस आणि पिस्टन ही जोडी एकमेकांसाठीच घासून बनवलेली असते. दुसऱ्या कार्बोरेटरचा पिस्टन आणून बसवायचा नाही. आणि आतून फक्त पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचं. पॉलिश पेपर नाही, ब्रासो नाही. मी ब्रासो लावला होता. फार वर्षांपूर्वी, देव्हाऱ्यातल्या समईबरोबर तोही चकचकीत केला. दादा बोलले काहीच नाहीत, फक्त माझ्या हातातला डबा काढून घेतला.

जोडी अजून चांगली आहे का, याची सोपी परीक्षा आहे. पिस्टनच्या तळाशी दोन भोकं असतात, ती बुजवायची. मी कणकेच्या गोळ्यानं बुजवते. स्प्रिंग न घालता पिस्टन कळसात पूर्ण ढकला, डॅम्परचं टोपण लावा, सगळं उलटं धरा आणि पिस्टन हातात ठेवून कळस सोडून द्या. खाली गोधडीची घडी असू द्या. सव्वा इंची एसयूत कळस तीन ते पाच सेकंदांत पूर्ण उतरायला हवा. एकदम घसरला तर हवा निसटते आहे. अडकला तर घाण आहे किंवा पोचा. माझा चार मोजेपर्यंत उतरला. ब्रासोचा गुन्हा माफ.

पिस्टन कोरडाच बसवायचा. तेलाचे दोन थेंब फक्त दांडीला, भोवतीच्या गोल भिंतीला नाही.

वाटी

इथं थोडक्यात. फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगणाऱ्या पोकळ गोळ्याची, कडी काढा, फ्लोट कानापाशी हलवा, आत डुचमळलं तर बाद. वाटीतली टोकदार वॉल्व्हसुई आणि तिची बैठक नवी घाला, टोकाला व्हायटॉनचं रबर असलेली घ्या, इथेनॉल त्याला खात नाही. माझ्या पंपाचा जप तिथंच चालू होता: जुन्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली होती. झाकण उलटं धरलं की फ्लोट आणि झाकणाची कड यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर हवं. मी ४ च्या ड्रिलबिटनं तपासते. कमी-जास्त असेल तर धातूची पट्टी किंचित वाकवा. पट्टी प्लॅस्टिकची असेल तर बैठकीखाली वॉशर घाला. आणि वाटी गाडीवर सरळ उभी राहिली पाहिजे. दुसऱ्या गाडीचा एसयू चढवला असेल तर ती तिरकी बसते, मग आतली पातळी काही केल्या जमत नाही.

जेटच्या नायलॉन नळीच्या टोकाला नवं रबर घालताना नळी रबराच्या पुढं पाचेक मिलिमीटर बाहेर राहू द्या. अगदी काठाला कापलीत तर ती सुटून येते.

टिक्

आता ज्या कामावर सगळं अवलंबून आहे ते. सुई जेटच्या बरोबर मध्यात उतरली पाहिजे, कुठंही न टेकता. नवी एम सुई आणि नवा जेट मी इंग्लंडहून मागवले. जुनी सुई नव्या जेटमध्ये घालू नका, आणि नवी सुई झिजक्या जेटमध्ये तर नाहीच.

सुई पिस्टनमध्ये बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट हवा, वर नाही, खाली नाही. नखानं चाचपा.

जेटखालचा मिक्श्चरचा नट आणि त्याची स्प्रिंग काढा. स्प्रिंग बाजूला ठेवून नट परत घाला आणि पूर्ण वर चढवा, जेट वर ढकला. त्यावर एक मोठा नट असतो, जेटच्या बेअरिंगला धरणारा. तो जेमतेम सैल करा, बेअरिंग बोटानं फिरेल इतकाच. कळस-पिस्टन बसवा. वरच्या भोकातून पेन्सिल घालून पिस्टन हलकेच खाली दाबून धरा. सुई आपोआप जेटला मध्यावर ओढते. तसंच धरून मोठा नट आवळा.

मग पेन्सिल काढा, पिस्टन बोटानं वर उचला आणि सोडा. खाली ब्रिजवर, म्हणजे जेटच्या तोंडाभोवतीच्या उंचवट्यावर, आपटताना स्वच्छ टिक् ऐकू आलं पाहिजे. आता जेट पूर्ण खाली ओढा आणि पुन्हा सोडा. आवाज तोच हवा. दुसऱ्या वेळी टिक् जास्त कडक आलं, तर पहिल्या वेळी सुई कुठंतरी टेकत होती. पुन्हा सैल, पुन्हा दाब, पुन्हा आवळा. मला सात वेळा करावं लागलं. सहाव्यांदा भाचा म्हणाला, ‘मावशी, आवाज सारखाच आहे की.’ नव्हता. हे काम पंखा आणि टीव्ही बंद करून करावं.

जमलं की मिक्श्चर नटाखालची स्प्रिंग परत घाला. पोकळ दांडीच्या तोंडापेक्षा अर्धा इंच वर येईल इतकं तेल भरा, एसएई २० चं. मोटारसायकलच्या फोर्कचं २० नंबरचं तेल कुठंही मिळतं आणि चालतं. शिलाई मशीनचं तेल घालू नका. मी घातलं होतं, आणि तिठ्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करायची, मग निघायची.

नटाला शेवटी हात

गाडीवर चढवताना दोन्ही पॅकिंग नवी. चोकची तार बसवताना दीड मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर जेट सतत थोडा खाली राहतो आणि दोष सुईला जातो.

सेटिंगपूर्वी टॅपेटची फट १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारांश), इंजिन थंड असताना. पॉइंट १४ ते १६ थाऊ. प्लग २५ थाऊ. हे चुकलेलं असताना कार्बोरेटर जुळवणं म्हणजे मोडक्या तंबोऱ्यावर गाणं, आणि मिरजेत तंबोऱ्याबद्दल तरी असं चालत नाही.

जेट ब्रिजशी सपाट होईपर्यंत नट वर न्या, मग बारा पैलू खाली. म्हणजे पूर्ण दोन फेरे. इथून सुरुवात. इंजिन चांगलं तापवा, पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा. आता कार्बोरेटरच्या बाजूची उचलपिन, ती नसेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हर, वापरून पिस्टन जेमतेम उचला. एक मिलिमीटरही नाही, पाऊण. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट, नट एक पैलू वर. इंजिन लगेच मरायला लागलं तर पातळ, एक पैलू खाली. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर सोडून द्या, झालं. एका वेळी एकच पैलू, आणि प्रत्येक पैलूनंतर थ्रॉटल एकदा वाढवून सोडा. माझी गाडी चौदा पैलूंवर थांबली. वरचे दोन इथेनॉलच्या खात्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरपूर रस्त्यानं दंडोबाच्या पायथ्यापर्यंत गेले. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत राहिली, खोकली नाही. थांबून इंजिन बंद केलं, चावी परत फिरवली: टिक टिक टिक, आणि गप्प. प्लग काढून पाहिले. तीन मारी बिस्किटाच्या रंगाचे, चौथा जरा काळपट, पण त्याचं कारण वॉल्व्ह गाइड आहेत. ते पुढच्या उन्हाळ्यात.

घरी आल्यावर पितळी पट्टीचा एक तुकडा कापला, कानशीनं त्रिकोणी केला आणि अक्षरांच्या पंचानं त्यावर ठोकलं: एचएस२, ९०, एम, लाल, १४. वाटीच्या झाकणाच्या स्क्रूखाली तो बसवून टाकला. ईबी सुई जुन्या फिल्म रोलच्या डबीत घालून दादांच्या वहीबरोबर ठेवली आहे.